शीर्षक झाकून पाहिलेला ख्रिस्त: आंद्रेस सेरानो प्रकरण

फोटोग्राफीच्या वर्गात हे प्रकरण घ्यायची वेळ येते, तेव्हा मी आधी चित्राखालची ओळ झाकते. पडद्यावर फक्त छायाचित्र ठेवते. क्रुसावरचा ख्रिस्त, किंचित तिरका. भोवती सोनेरी-केशरी उजेड, कडांकडे जाताना तांबूस आणि गडद होत गेलेला. कुठे बारीक बुडबुडे चिकटलेले. शरीराचे तपशील पुसट, धुपाच्या धुरातून दिसावेत तसे. मुलं गप्प होतात. एका मुलीने एकदा विचारलं होतं, की हा समईच्या उजेडात काढलाय का. मग मी ओळ उघडते. 'पिस ख्राइस्ट', १९८७. मराठीत सांगायचं तर मुतातला ख्रिस्त. वर्गात शांतता तशीच राहते, पण ती आता वेगळी शांतता असते.

न्यूयॉर्कच्या आंद्रेस सेरानोच्या कामावरून गेली पस्तीसहून अधिक वर्षं जे महाभारत चाललंय, ते सगळं या दोन शांततांच्या मधल्या जागेत घडलेलं आहे. त्याच्यावर कौतुकाने लिहिणारे चित्राबद्दल बोलतात आणि चिडणारे ओळीबद्दल. माझं म्हणणं असं, की सेरानोच्या कामात ओळ ही चित्राची निम्मी बाजू आहे. ती त्याने विचार करून लिहिलेली असते. ओळ सोडून त्याची बाजू घेणं म्हणजे त्याचं अर्धंच काम बघणं, आणि चित्र न बघता ओळीवर संतापणं म्हणजेही तेच.

सेरानोचा जन्म १९५० चा, न्यूयॉर्कमधला. वडील होंडुरासचे, आईचं मूळ आफ्रो-क्यूबन. घरात स्पॅनिश आणि कॅथलिक वळण. ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत तो दोन वर्षं शिकला, तेही चित्रकला आणि शिल्पकला. पुढची बरीच वर्षं अमली पदार्थांत गेली. तिशीच्या उंबरठ्यावर तो त्यातून बाहेर पडला आणि मग कामाला लागला. आजही तो स्वतःला छायाचित्रकार म्हणवून घेत नाही, कॅमेरा वापरणारा कलावंत म्हणवतो. हा फरक नुसता शब्दांचा नाही. त्याची छायाचित्रं रस्त्यावर सापडलेली नसतात. ती चित्रकाराने कॅनव्हास भरावा तशी रचलेली असतात.

'पिस ख्राइस्ट' ज्या मालिकेतलं आहे तिचं नाव 'इमर्शन्स', म्हणजे बुडवणं. कृती अगदी साधी. सुमारे ३३ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा स्वस्त क्रूस, पारदर्शक प्लेक्सिग्लासची टाकी, त्यात स्वतःची साठवलेली लघवी आणि प्रखर दिवे. द्रवातून उजेड आरपार गेला की रंग दाट होतो आणि खोली नाहीशी होते; वस्तू तरंगतेय की बुडतेय ते कळेनासं होतं. संगणकाची करामत यात कुठेच नाही. छपाई सिबाक्रोमवर. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. यात निगेटिव्ह लागत नाही, पारदर्शिकेवरून, म्हणजे स्लाइडवरून, थेट प्रिंट निघते. रंगद्रव्यं आधीपासूनच थरांमध्ये बसवलेली असतात आणि नको तिथला रंग रसायनाने उडवला जातो. राहिलेला रंग त्यामुळे फार भरदार दिसतो आणि पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो. प्रिंटचा आकार सुमारे १५२ बाय १०२ सेंटिमीटर. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची वस्तू जवळपास माणसाच्या उंचीची झाली, आणि त्या चकाकीत बघणाऱ्याला ख्रिस्ताबरोबर स्वतःचा चेहराही दिसू लागला.

ओळीची युक्ती मात्र सेरानोला इथे सुचलेली नाही. १९८६ च्या 'मिल्क, ब्लड' मध्ये चौकट उभी दुभागलेली आहे, एक भाग पांढरा, एक लाल. बाकी काही नाही. शीर्षक वाचेपर्यंत ते भूमितीतलं अमूर्त चित्र असतं. वाचल्यावर पांढऱ्याचं दूध होतं, लालाचं रक्त होतं आणि पोटात काहीतरी हलतं. कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाला रक्त आणि शरीर हे शब्द परके नसतात. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सामध्ये, म्हणजे सामूहिक उपासनेत, तो भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून स्वीकारत असतो. आणि वर्ष १९८६-८७, शहर न्यूयॉर्क. एड्सने माणसं मरत होती. शरीरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाची लोकांना दहशत बसली होती. अशा वेळी एक माणूस तेच थेंब टाकीत भरून त्यांच्यावर दिवे लावतो, याला नुसती खोडी म्हणून मोडीत काढता येत नाही.

सेनेटमध्ये फाडलेली पुस्तिका

१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टक्स गॅलरीत हे चित्र लागलं तेव्हा कुणी दगड मारला नाही. पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलममधल्या साउथईस्टर्न सेंटर फॉर कंटेम्पररी आर्ट या संस्थेने निवडलेल्या दहा कलावंतांत सेरानो आला. प्रत्येकी १५,००० डॉलर. त्या पैशांचा एक भाग राष्ट्रीय कलानिधीतून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून आलेला. दहा जणांचं प्रदर्शन लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग करत व्हर्जिनियातल्या रिचमंडला पोचलं. तिथे चित्र पाहिलेल्या एकाने वर्तमानपत्राला चिडून पत्र लिहिलं. ते हेरून मिसिसिपीतल्या ट्युपेलोच्या अमेरिकन फॅमिली असोसिएशन या ख्रिस्ती संघटनेचे डॉनल्ड वाइल्डमन यांनी देशभर पत्रमोहीम उघडली.

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रकरणाचा सांधा इथेच आहे. टपालाने ओळ पोचते. दीड मीटरचं चकाकतं चित्र टपालाने पोचत नाही. हजारो घरांत जे गेलं ते एक वाक्य होतं: तुमच्या कराच्या पैशातून एकाने ख्रिस्ताला मुतात बुडवलं. वाक्य खोटं नव्हतं. पण वर्गातल्या त्या मुलीला जो समईचा उजेड दिसला होता, तो त्या वाक्यात नव्हता.

१८ मे १९८९ रोजी न्यूयॉर्कचे सेनेटर अल्फॉन्स डमॅटो यांनी सेनेटच्या सभागृहात प्रदर्शनाची पुस्तिका फाडून तिचे तुकडे जमिनीवर टाकले. नॉर्थ कॅरोलिनाचे जेसी हेल्म्स म्हणाले, की हा कलावंतच नव्हे, हा एक नालायक माणूस आहे. महिन्याभरात वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने त्याच वर्षी मार्चमध्ये वारलेल्या छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्पचं, समलिंगी कामुक छायाचित्रांमुळे वादात आलेलं, ठरलेलं प्रदर्शन रद्द केलं आणि दोन्ही प्रकरणं एकमेकांत मिसळली. त्यानंतर काँग्रेसने कलानिधीच्या सुमारे १७ कोटी डॉलरच्या तरतुदीतून ४५,००० डॉलर कापले. हा आकडा नीट बघा: सेरानोचे १५,००० आणि मेपलथॉर्पच्या प्रदर्शनाचे ३०,०००. पैसा वाचवण्याशी याचा काही संबंध नव्हता. ती खूण होती, आणि ज्यांना कळायची त्यांना ती बरोबर कळली. १९९० मध्ये कायद्यात शिष्टाचार आणि लोकांच्या श्रद्धा-मूल्यांबद्दलचा आदर विचारात घेण्याचं कलम आलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आठ विरुद्ध एक मतांनी टिकवलं. त्याच दशकाच्या मध्यावर दृश्यकलावंतांना वैयक्तिक अनुदान देणंच कलानिधीने बंद केलं.

सेरानोचं यात फारसं नुकसान झालं नाही. त्याचं नाव झालं, चित्रांच्या किमती वाढल्या. फटका बसला तो पुढच्या पिढीतल्या नाव नसलेल्या कलावंतांना, ज्यांना त्या छोट्या रकमेतून वर्षभराचं भाडं आणि रसायनं निघाली असती. सेरानोला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हुतात्मा म्हणणाऱ्यांनी हे सांगायलाच हवं, आणि ते सहसा सांगत नाहीत.

दुसऱ्या बाजूचंही मला मनापासून मांडायचंय. जनतेच्या पैशाबद्दल जनतेने विचारणं यात गैर काहीच नाही. आणि श्रद्धाळू माणसाला लागलेली ठेच ही अज्ञानातून आलेली असते, असं समजणं हा शहरी कलाजगाचा उद्धटपणा आहे. वर्गात वसईकडचा एक विद्यार्थी होता, त्याच्या घराच्या दारावर क्रूस असतो. चित्र त्याला सुंदर वाटलं, ओळ वाचून त्रास झाला, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे हे त्याने शांतपणे सांगितलं. इतकं स्वच्छ मत मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. सेरानो स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो, आपण निंदा केलेली नाही असं सांगतो, आणि क्रुसावरचा मृत्यू खरोखर किती किळसवाणा असेल, रक्त, मूत्र, विष्ठा यांच्यासह, याची आठवण गुळगुळीत क्रुसाने पुसली गेली, असं त्याचं म्हणणं. ब्रिटनमधल्या कॅथलिक जोगीण (नन) आणि कलासमीक्षक सिस्टर वेंडी बेकेट यांनी १९९७ मध्ये अमेरिकन पत्रकार बिल मॉयर्स यांनी घेतलेल्या मुलाखतीत याला ईशनिंदा मानायला नकार दिला. आपण ख्रिस्ताचं काय करून ठेवलंय ते यात दिसतं, असा त्यांचा अर्थ. चित्र फार थोर आहे असं मात्र त्यांनीही म्हटलं नाही. मला त्यांचं दोन्ही पटतं.

हातोडा पडल्यावर

ऑक्टोबर १९९७, मेलबर्न. व्हिक्टोरियाच्या नॅशनल गॅलरीत सेरानोचं प्रदर्शन. आर्चबिशप जॉर्ज पेल यांनी चित्र रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला. प्रदर्शन उघडल्यावर एकाने चित्र भिंतीवरून ओढून काढलं. त्यानंतर दोन पोरांपैकी एकाने पहारेकऱ्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं आणि दुसऱ्याने हातोडा घातला. संचालकांनी संपूर्ण प्रदर्शन गुंडाळलं. न्यायालयात जे मिळालं नव्हतं ते हातोड्याने मिळालं.

२००७, स्वीडनमधलं लुंड. इथे सेरानोची 'द हिस्टरी ऑफ सेक्स' ही मालिका होती. मुखवटे घातलेले नवनाझी कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन शिरले, सात छायाचित्रं फोडली, त्याचं चित्रण केलं आणि ते संगीत लावून इंटरनेटवर टाकलं. देवाधर्माशी यांचं काही घेणंदेणं नव्हतं. संस्कृतीच्या शुद्धीकरणाच्या नावावर आलेली ही वेगळीच टोळी.

१७ एप्रिल २०११, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, फ्रान्समधलं आविन्याँ. 'पिस ख्राइस्ट' कलेक्शन लँबेर या संग्रहालयात काही महिने लागलेलंच होतं. आर्चबिशपांनी ते काढायची मागणी केली, रस्त्यावर मोर्चा झाला आणि दुसऱ्या दिवशी हातोडा आणि टोकदार हत्यार घेऊन माणसं आत घुसली. संरक्षक काच फुटली, ख्रिस्ताच्या प्रतिमेवर भोकं पडली. त्याच झटापटीत सेरानोचंच आणखी एक चित्र फुटलं: मांडीवर शांतपणे ठेवलेले एका जोगिणीचे हात. धर्मासाठी आलेल्यांनी जोगिणीचे हात फोडले. संचालक एरिक मेझील यांनी दोन्ही चित्रं फुटलेल्या अवस्थेतच भिंतीवर ठेवली आणि लोकांना पुन्हा आत घेतलं.

मेलबर्नच्या संचालकांना दोष देणं सोपं आहे. अंगावर पहारेकऱ्यांची जबाबदारी असते, त्याच इमारतीत थोर डच चित्रकार रेम्ब्रांटची चित्रंही लागलेली होती. तरीही आविन्याँचा निर्णय मला जास्त योग्य वाटतो, कारण त्यात काहीच लपवलं गेलं नाही. भोक पडलेलं चित्र बघणाऱ्याला काय झालं ते सांगत होतं. रिकामी भिंत काहीच सांगत नाही.

नाव, हुद्दा, मृत्यूचं कारण

या एका चित्राच्या गदारोळात सेरानोची बाकीची वाटचाल झाकली गेली याचं मला फार वाईट वाटतं, कारण ओळीचा खरा वापर तिथे दिसतो. १९९० मध्ये त्याने पाठोपाठ दोन मालिका केल्या. 'नोमॅड्स' मध्ये न्यूयॉर्कच्या बेघर माणसांची मोठी, राजेशाही व्यक्तिचित्रं. रात्री पडदा आणि दिवे घेऊन तो त्यांच्यापर्यंत गेला, उभं राहण्याचे पैसे दिले. प्रत्येक चित्राला त्या माणसाचं नाव. 'क्लॅन्समेन' साठी तो जॉर्जियात गेला आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवर्चस्ववादी संघटनेच्या सभासदांची, चेहरा झाकणाऱ्या टोपड्यांसकट, छायाचित्रं काढली. आफ्रिकी आणि लॅटिन रक्ताचा, सावळा माणूस, आणि समोर कॅमेऱ्यासाठी बसलेले हे. चौकटीत टोपडं इतकं जवळ येतं की कापडाची शिवण मोजता येते, भोकातून एक डोळा बघत असतो. इथे नाव नाही, हुद्दा आहे, 'इम्पीरियल विझार्ड' वगैरे. ज्याचं नाव समाजाने कधी विचारलं नव्हतं त्याला नाव, आणि ज्याने चेहरा लपवला त्याला फक्त पद. एवढं सगळं त्या छोट्या ओळीत झालं.

१९९२ ची 'द मॉर्ग' मालिका माझ्या मते त्याचं सर्वांत कठीण काम. शवागारातली प्रेतं, पण पूर्ण शरीर क्वचितच. पाऊल, पापणी, लाल कापडाने झाकलेला चेहरा. इथे शीर्षकात ना नाव ना हुद्दा, फक्त मृत्यूचं कारण. 'न्यूमोनिया', 'उंदराचं विष', 'भोसकून' अशा अर्थाची शीर्षकं, पंचनाम्यातल्या रकान्यासारखी. 'नाइफ्ड टु डेथ' ही जोडी मी मुलांना बराच वेळ बघायला लावते. काळ्या पार्श्वभूमीवर दोन चित्रांत दोन हात. ठसे घेतलेली शाई बोटांच्या टोकांवर तशीच आहे, त्वचेवर जखम. दोन्ही चित्रं शेजारी टांगली की ते हात एकमेकांकडे जाताना दिसतात, मायकेलअँजेलोने रंगवलेल्या देव आणि आदमच्या हातांसारखे.

प्रश्न मात्र राहतोच. या मृतांना कुणी विचारलं? चेहरे झाकले, नावं गाळली, म्हणून संमतीचा प्रश्न मिटत नाही. एखाद्या आईने तो हात ओळखला तर? यावर मला समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही, आणि वर्गात मी तसं दाखवतही नाही. पण एक गोष्ट नोंदवते. प्लास्टिकच्या क्रुसासाठी सेनेटमध्ये कागद फाडले गेले. खऱ्या माणसांच्या खऱ्या प्रेतांसाठी तसं कुणी उठलं नाही. ओळीत कुणाच्या देवाचं नाव नव्हतं.

त्यानंतरची सगळीच कामं याच तोडीची नाहीत. २००८ ची विष्ठेवरची मालिका मला स्वतःचीच नक्कल वाटते. धक्का आधीपासून ठरलेला असला की तो बसत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरची 'अमेरिका' ही व्यक्तिचित्रं देखणी आहेत, त्यांत २००४ मधला डॉनल्ड ट्रम्पही आहे. २०१३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या बेघरांकडून त्यांच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या पाट्या विकत घेत फिरला, बहुतेक वेळा एका पाटीचे वीस डॉलर. अशा सुमारे दोनशे पाट्या त्याने जमवल्या. म्हणजे या खेपेला त्याने चित्र काढायच्या आधी ओळच विकत घेतली. पुढच्या वर्षी 'रेसिडेंट्स ऑफ न्यूयॉर्क' मधली बेघरांची व्यक्तिचित्रं वेस्ट फोर्थ स्ट्रीटच्या भुयारी रेल्वे स्थानकात जाहिरातींच्या जागी लागली. शीर्षकातला 'रहिवासी' हा शब्द मुद्दाम. घर नसलेला माणूसही या शहराचा रहिवासी.

२०१५ च्या 'टॉर्चर' मध्ये टोपडं परत आलं. १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश यंत्रणेने चौदा कैद्यांची डोकी पिशवीत घालून, भिंतीला उभं करून, कर्कश आवाज ऐकवून, झोप, अन्न आणि पाणी तोडून त्यांची चौकशी केली होती. 'हुडेड मेन' या नावाने ते ओळखले जातात. १९७८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या वागणुकीला अमानुष म्हटलं, पण छळ म्हटलं नाही. त्यांच्यातल्या काही जणांना सेरानोने चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा डोक्यावर कापड घेऊन बसवलं. त्यांनी ते स्वतःहून मान्य केलं. क्लॅनच्या माणसाने चेहरा लपवण्यासाठी घेतलेलं कापड आणि यांच्यावर लादलेलं कापड, ही दोन चित्रं मी पडद्यावर शेजारी ठेवते. कापड कुणी स्वतः घेतलं आणि कुणावर लादलं गेलं, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. खालची ओळ वाचावी लागते. इथे ओळीत पुन्हा माणसांची नावं आहेत.

२३ जून २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातल्या सुमारे दोनशे कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावलं. निमित्त होतं व्हॅटिकन संग्रहालयातल्या आधुनिक कलासंग्रहाच्या पन्नास वर्षांचं. निमंत्रितांत सेरानो होता. भेटीच्या वेळी त्याने आशीर्वाद मागितला. पोपनी तो दिला आणि हसून अंगठा वर केला. ही भेट सिस्टाइन चॅपेलमध्ये झाली. तिथे मान वर केली की मायकेलअँजेलोचे ते दोन हात छतावर दिसतात.